केनियाच्या मातींतील बिनडोळ्यांचा भुंगेरा

नांगरटीच्या वेळीं भुंगेरा दिसला कीं हुमणीचा म्हणून तो चिरडावयाचा, अशी आपल्याकडील रीत आहे. हुमणी पिकाची वैरीण खरीच. परंतु भुंगेऱ्यांच्या यच्चयावत् जातींस एकाच फिर्यादींत गोंवणें न्यायाचें नव्हे. म्हणून आफ्रिकेंतील एका अतिसूक्ष्म भुंगेऱ्याची हकीगत आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

केनिया देशांत नैरोबीच्या आसमंतांत सन १९६४-६५ सालीं डॉ. विल्यम ब्लॉक यांनीं पालापाचोळा व माती यांचे नमुने गोळा केले. ते पुढें लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत जमा झाले. तेथें मायकेल डार्बी यांनीं त्यांतील किडे तपासून सन २०१९ च्या आक्टोबरांत एका नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणजे प्राणी हातीं आल्यापासून नोंद होईपर्यंत पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं! आमची हयात महसुली दप्तरांत गेली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा कुणबी, केवळ नोंद राहिली म्हणून, असून नसल्यासारखा झालेला आम्हीं पुष्कळदां पाहिला आहे. त्यामुळें ही हकीगत वाचतांना आम्हांस नवल वाटलें नाहीं, वाईट मात्र वाटलें.

हा भुंगेरा एक मिलिमीटरही भरत नाहीं. जोंधळ्याच्या एका दाण्याच्या लांबींत असे पांच ओळीनें सहज बसतील. रंग फिकट सोनेरी. त्यास डोळे नाहींत आणि पंखही नाहींत. मातीच्या काळोखांत त्यांचें अडतेंच काय? डोक्यावर मात्र दोन लांब मिशा आहेत, मुलीच्या दोन वेण्यांसारख्या. त्याचें नांव नेलोप्टोडीज ग्रेटी. स्वीडन देशांतील ग्रेटा थुनबर्ग या मुलीनें हवामानाच्या बिघाडाविषयीं जगास जागें करण्याचा यत्न केला, म्हणून डार्बी यांनीं तिचें नांव त्यास दिलें. राजेरजवाड्यांच्या नांवांपेक्षां आम्हांस हें बरें वाटतें.

याच्या कुळांतील पंख असलेल्या जातींचे पंख पिसासारखे झालरदार असतात. कुजक्या पाल्यावरील बुरशीचे तंतु व बीजकण हें या कुळाचें अन्न. उभ्या पिकाच्या मुळांशीं त्याचें वैर नाहीं. उलट हुमणीची अळी पांढुरकी, अर्धचंद्रासारखी वांकलेली, तांबूस डोक्याची व बोटाच्या पेराएवढी असते. एवढी ओळख न पटवितां शेतभर विष ओतल्यास चोरासवें सावही मरतो.

मातींतील बारीक जीव पाहण्याची युक्ति सोपी आहे. नरसाळ्यांत जाळी बसवून तीवर बांधावरचा ओलसर पालापाचोळा पसरावा, वर उष्णता देणारा विजेचा दिवा टांगावा व खालीं पाण्याची बाटली ठेवावी. वरून ऊब व कोरडेपणा वाढूं लागला कीं जीव ओलाव्याकडे खालीं सरकतात व बाटलींत पडतात. दिवा पाल्यास टेकूं देऊं नये. दोन-तीन दिवसांनीं तें पाणी पांढऱ्या बशींत ओतून भिंगानें पाहावें.