सापळे भरले, चेरी गेल्या

‘टांगा आणि निर्धास्त राहा,’ हे मला चेरीवरच्या माशीचे सापळे विकणाऱ्या रोपवाटिकेतल्या माणसाचे शब्द. यानं माशी आटोक्यात येते की नुसती आल्याचं कळतं, हे मी त्याला स्पष्ट विचारलं होतं. ‘दोन्ही,’ म्हणाला, आणि सापळ्यांच्या जोडीला आमिषाची महागडी बाटली गळ्यात मारली. तिच्यात काय, तर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि थोडी वाइन!

सापळे माश्यांनी काळे झाले. चेरी वरून चकचकीत. तोडणीच्या वेळी एका फळावर टाचणी टोचल्यासारखी खूण दिसली, म्हणून मूठभर चेरी चेपून मिठाच्या पाण्यात टाकल्या. पंधराएक मिनिटांत पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या वळवळत वर आल्या. आदल्याच दिवशी शेजारच्या काकूंना त्याच झाडाच्या चेरी डबा भरून दिल्या होत्या.

ही ड्रोसोफिला सुझुकी. कॅलिफोर्नियात ती 2008 मध्ये पहिल्यांदा सापडली, ती आमच्या गिलरॉयजवळच्या वॉटसनव्हिललाच. केळ्यांवरचं साधं चिलट सडक्या फळात अंडी घालतं. हिची मादी करवतीसारख्या दातेरी नळीनं पिकत्या, धडधाकट फळाची साल चिरते. व्हिनेगरकडे ती येते, पण शेजारी चेरी लगडलेल्या असताना सगळ्याजणी कशाला येतील? सापळ्यात गर्दी होती ती बहुतेक साध्या चिलटांची.

दुकानात गेलो तर म्हणे, ‘उशिरा लावलेत.’ फळ हिरवं असतानाचा, तारखेसकट फोटो दाखवला. मग म्हणे, ‘जास्त लावायला हवे होते.’

कोकणातल्या आंबेवाल्यांनी रक्षक सापळा सुचवू नये. त्यातलं मिथाइल युजेनॉल आंब्यावरच्या फळमाशीच्या नराला ओढतं. हिला त्याचं काही नाही.

बाटली विकत घेऊ नका. माशी आली का एवढंच कळायला झाकणाच्या डब्याला वरच्या अंगाला पाच मिलिमीटरची भोकं पाडा, तळाशी दोन बोटं व्हिनेगर, वर भांडी घासायच्या बिनवासाच्या साबणाचा थेंब. सावलीत, फांद्यांच्या आत टांगा. आठवड्यानं व्हिनेगर बदला; जुनं झाडाखाली ओतू नका. मेलेल्या माश्या पांढऱ्या बशीत घेऊन भिंगातून पाहा: नराच्या दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका असतो. तो दिसला आणि फळ हिरव्याचं पिवळसर होऊ लागलं, की थांबू नका. स्पिनोसॅड फवारायचं तर लेबल वाचून, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर. त्यापेक्षा फळ धरल्यावर एक मिलिमीटरहून बारीक जाळी घाला. पिकेल तसं तोडून फ्रिजमध्ये टाका. पडलेली फळं पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये मुळीच नको. बागेवर रोज नजर हवी, हे वेगळं सांगायला नको.

आणि पावती जपा. माझ्याकडे होती म्हणून न वापरलेल्या सापळ्यांचे पैसे परत मिळाले. बाटलीचे नाही, कारण ती उघडली होती. न उघडता आमिष कसं घालायचं, ते त्यानं सांगितलं नाही.