डोंगरपायथ्याच्या खोल जमिनी : पाटण खोऱ्यातील मातीची ओळख

कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता कोयनेच्या काठाने पश्चिमेस निघाला, की जमिनीचा रंग हळूहळू पालटू लागतो. कृष्णाकाठची काळी माती मागे पडते, पाटणच्या आसपास ती तपकिरी होते आणि पुढे तांबूस होत जाते. हा पालट घडवून आणणारे मुख्य कारण पाऊस होय. कराडला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्याही आत असलेल्या कोयनानगरला तो पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. एवढ्या थोड्या अंतरात पर्जन्यमानात एवढी तफावत असलेले तालुके राज्यात फारसे नाहीत.

मात्र पाटण तालुक्यात जमिनीचा फरक पूर्व-पश्चिम जितका आहे, तितकाच तो एकाच डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतही आहे. माथ्यावर सडा असतो. जांभ्याच्या कातळावर वीतभर माती आणि पावसाळ्यात गवत, एवढेच तेथे दिसते. सड्याखाली कडा, कड्याखाली तीव्र उतार. तेथील जमीन उथळ व मुरमाड असते. त्याखाली उतार जेथे मंदावतो, तेथे मात्र एकाएकी पुरुषभर, कधी त्याहूनही अधिक खोल, तांबूस-तपकिरी मातीचा पट्टा लागतो. कोयना, मोरणा, केरा, वांग व तारळी या नद्यांच्या खोऱ्यांत असे पट्टे जागोजाग आहेत. त्याहून खाली नदीलगत भाताची खाचरे व गाळाच्या जमिनी येतात. गावे, वाड्या, शाळा, झरे आणि उत्तम शेते बहुतांशी या मधल्या पट्ट्यातच वसली आहेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मोरणा खोऱ्यातील आंबेघर आणि कोयनानगर परिसरातील मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. त्यामुळे या पट्ट्यातील मातीची ओळख हा केवळ कृषिखात्याचा विषय उरलेला नाही.

खोली आणि निचरा

मृदा सर्वेक्षणात जमिनीची खोली मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. साडेसात सेंटिमीटरपर्यंत अतिउथळ, साडेबावीसपर्यंत उथळ, पंचेचाळीसपर्यंत मध्यम खोल, नव्वदपर्यंत खोल आणि त्यापुढे अतिखोल जमीन समजली जाते. खोलीचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. भारी पोताची माती दर सेंटिमीटर खोलीस सुमारे दीड मिलिमीटर पाणी पिकाच्या उपयोगासाठी धरून ठेवते, असे धरले, तर तीस सेंटिमीटर जमिनीत पंचेचाळीस मिलिमीटर आणि एकशे वीस सेंटिमीटर जमिनीत एकशे ऐंशी मिलिमीटर पाणी साठते. पाऊस संपल्यावर पिकास रोज तीन ते चार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे पहिल्या जमिनीवरचे पीक दोन आठवड्यांत माना टाकील, तर दुसऱ्या जमिनीवरचे दीड महिन्याहून अधिक काळ तग धरील. वरच्या उतारावर नाचणी व वरी, तर पायथ्याला भुईमूग, सोयाबीन व ज्वारी ही जी पीकवाटणी दिसते, तिच्या मुळाशी हा हिशेब आहे.

निचरा डोळ्यांनी ओळखता येतो. मातीतील लोहास हवा मिळत राहिली, की ते तांबडा किंवा पिवळसर रंग धरते; पाणी साचून हवा तुटली, की माती करडी पडते व तीत ठिपके उमटतात. वरच्या एक मीटरात असे करडे ठिपके नसतील, तर जमीन उत्तम निचऱ्याची समजावी. पायथ्याच्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असूनही पाणी तीतून सहज जिरते. येथील चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट जातीची असून लोहाच्या संयुगांनी तिचे बारीक, टिकाऊ रवे बनलेले असतात. ओली माती प्रथम हातात घेतली, तर ती पोयट्यासारखी भुसभुशीत लागते. चांगली मळल्यावर मात्र तिची लांब वळी होते. कराडकडील काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची फुगणारी चिकणमाती असल्यामुळे ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात चिकट होते. दोन्ही माती मूळ बेसाल्टाच्याच लेकी. पाण्याने त्यांची वाट वेगळी केली.

भरपूर पावसाने चुना व इतर विद्राव्य क्षार वाहून गेल्यामुळे पायथ्याच्या मातीचा सामू आम्लतेकडे झुकतो. लोहाच्या संयुगांत स्फुरद अडकून पडते. म्हणून स्फुरदाचे खत शेतभर न फेकता ओळीत, बियाण्याच्या खाली देणे व शेणखताची जोड ठेवणे हिताचे ठरते. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होय. तांबडी दिसणारी प्रत्येक माती जांभ्याची नसते. जांभा हा सड्यावरचा, लोह व ॲल्युमिनियम साचून घट्ट झालेला खडक आहे. पायथ्याची तांबूस माती बहुतांशी बेसाल्टाच्या झिजेपासून बनलेली असून ती जांभ्याच्या मातीपेक्षा पुष्कळच सकस असते.

वर्गीकरणातील नावे

भारतात मृदा वर्गीकरणासाठी अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेली पद्धती प्रामुख्याने वापरली जाते. आरंभी तीत दहा गण होते, आज बारा आहेत. पाटणच्या एकाच डोंगरावर त्यांपैकी तीन तरी भेटतात. कड्याखालच्या उथळ, थर न पडलेल्या जमिनी एन्टिसॉल गणात जातात. पायथ्याच्या ज्या मातीत रंग व संरचनेचे थर नुकतेच स्पष्ट होऊ लागले आहेत, ती इन्सेप्टिसॉल. आणि जेथे वरच्या थरातील चिकणमाती पाण्याबरोबर उतरून खालच्या थरात साचली आहे, तेथे अल्फिसॉल. पूर्वेकडे फुगणाऱ्या काळ्या मातीचा व्हर्टिसॉल गण येतो. जुन्या अहवालांत पायथ्याच्या मातीस ‘उस्टोक्रेप्ट’ आणि नव्या अहवालांत ‘हॅप्लुस्टेप्ट’ म्हटलेले आढळले, तर जमीन बदलली असे समजू नये. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत नावांची फेरमांडणी झाली, एवढेच.

ही नावे नकाशावर वाचताना प्रमाण लक्षात ठेवावे. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने राज्याचा मृदा-नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणात तयार केला आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. तीन-चारशे मीटर रुंदीचा पायथ्याचा पट्टा त्यावर जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. २०१५ पासून देण्यात आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश व सूक्ष्म द्रव्ये धरून बारा बाबी तपासल्या जातात. पत्रिका उपयुक्त आहे. पण खोली, निचरा व उतार यांपैकी एकही बाब त्या बारांत नाही. वाडीच्या पातळीवर त्यामुळे खड्डा खणून पाहण्यास पर्याय उरत नाही.

माती आली कोठून?

पायथ्याची खोल माती तीन मार्गांनी जमते, आणि खड्ड्याच्या भिंतीवर हा इतिहास वाचता येतो. माती जागच्या जागी झालेली असेल, तर खाली जाताना ती क्रमाने मुरमाकडे वळते; मुरमात कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे सुटणारे दगड आढळतात व शेवटी अभंग खडक लागतो. नदीने आणलेली असेल, तर गोल गुळगुळीत गोटे आणि वाळू-गाळाचे आडवे पदर दिसतात. डोंगरावरून घसरून आलेली असेल, तर टोकदार, लहानमोठे दगड मातीत कसेही रुतलेले असतात, आणि कधी कधी मीटर-दीड मीटरावर एक काळसर थर लागतो. तो काळसर थर म्हणजे पूर्वीची भुई. वरून आलेल्या मातीखाली ती गाडली गेलेली असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तिन्ही जमिनी सारख्याच खोल व सारख्याच चांगल्या. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिसरी निराळी आहे. जेथे माती एकदा घसरून आली, तेथे वरचा उतार, पाणी व खडक यांची तीच मांडणी असल्यास ती पुन्हा येऊ शकते. ‘उत्तम निचरा’ हा शेरा वरच्या एक मीटरापुरता असतो. त्याखाली टणक बेसाल्ट किंवा लाव्हाच्या दोन थरांमधील गेरूसारखा तांबडा पट्टा असेल, तर सहज जिरलेले पाणी तेथे अडते. एक गुंठा क्षेत्रावरील मीटरभर कोरडी माती अंदाजे एकशे तीस टन भरते. तिची सर्व रंध्रे पाण्याने भरल्यास आणखी पन्नास टनांपर्यंत भार वाढतो. भारापेक्षाही रंध्रांतील पाण्याचा दाब घातक, कारण तो मातीच्या कणांची परस्परांवरील पकड सैल करतो. चिकट, पाणी न जिरवणाऱ्या जमिनीवरून पाऊस वाहून जातो. सुपीक आणि सच्छिद्र जमीन तो आत घेते. शेतीतला गुण तीव्र उतारावर असा अंगावर येतो.

यामुळे मृद्‌संधारणाची कामेही जागा पाहूनच घ्यावी लागतात. कमी पावसाच्या माण-खटावात पाणी अडवून जिरविणारे समतल बांध योग्य. पाटणच्या पश्चिम भागात जादा पाणी सावकाश ओढ्याकडे नेणारे ढाळीचे बांध हवेत. घसरून आलेल्या खोल मातीच्या डोक्यावर, तीव्र उतारावर, पाणी मुरविणारे चर खोदणे धोक्याचे आहे. घरासाठी किंवा रस्त्यासाठी पायथा उभा कापला, तर वरच्या मातीचा आधारच निघून जातो. उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या घाईत हा भेद पुष्कळदा राहून जातो.

खड्डा खणण्यास पावसाळा संपल्यानंतरचा काळ, कार्तिक ते माघ, सोयीचा असतो. माती तेव्हा ओलसर असून थर स्पष्ट दिसतात. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व शक्य तर दीड मीटर खोल खड्डा घेऊन उन्हाकडील भिंत सुरीने तासावी, थरांचे रंग, दगडांचा आकार, ठिपके व मुळांची खोली नोंदवावी आणि जागा गावनकाशावर मांडावी. नवे गावठाण, शाळेची इमारत वा पाण्याची टाकी यांच्या प्रस्तावास ही नोंद जोडली, तर भूवैज्ञानिकास पाहणीसाठी कोठून सुरुवात करावी हे कळते. गावातील वृद्धांकडून जुन्या दरडींच्या जागा, आटलेले व नव्याने फुटलेले झरे, कलती झाडे आणि पावसाळ्यात पडणाऱ्या लांब भेगा यांची माहिती त्याच नकाशावर घ्यावी. काम संपल्यावर खड्डा बुजविताना तळाची माती तळाला व वरची माती वर टाकावी, म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान होत नाही.