च्यवनप्राशही रसायन आणि ड्रममधलेही रसायनच?

प्रश्न : साजगावहून पनवेलला जाताना दांड फाट्यावर रसायनीची पाटी दिसते. तिथल्या कारखान्यांत बनते ते रसायन. पण आमच्या आजीच्या च्यवनप्राशलाही वैद्य रसायनच म्हणतात. हे कसे? आणि ‘केमिस्ट्री’ हा शब्द यावरूनच आला का?
– एक वाचक, साजगाव

उत्तर : आधी रसायनीचे पाहू. हे नाव जुने नाही. मोहोपाडा हे तिथले मूळ गाव. केंद्र सरकारने 1960 साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली, तिचा कारखाना पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला आणि अशा कारखान्यांवरून वसाहतीला रसायनी म्हणू लागले.

शब्द मात्र फार जुना, आणि तो वैद्यांचा. आयुर्वेदाच्या मते अन्नापासून प्रथम रस हा धातू तयार होतो आणि त्यापासून क्रमाने रक्त, मांस वगैरे पुढचे धातू. अयन म्हणजे मार्ग. हे धातू उत्तम मिळावेत यासाठीचा उपाय तो रसायन. चरकसंहितेतले चिकित्सास्थान याच विषयाने सुरू होते आणि च्यवनप्राशाची कृतीही तिथेच आहे. तेव्हा तुमच्या आजीच्या बरणीवर या शब्दाचा हक्क पहिला.

पुढे ‘रस’ म्हणजे पारा असाही अर्थ रूढ झाला. पाऱ्यापासून औषधे करणे आणि हलक्या धातूचे सोने करणे, असे दोन ध्यास रससिद्धांनी घेतले. सोने झाले नाही. पण त्या खटपटीत भट्ट्या, मुशी, ऊर्ध्वपातनाची यंत्रे आली. अशा रीतीने रसायन औषधाच्या खलातून भट्टीपाशी पोहोचले. 1030च्या सुमारास अल् बिरूनीने हिंदुस्थानावर लिहिले, त्यात या विद्येची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारखे लेखक पाश्चात्त्य विज्ञान मराठीत आणू लागले, तेव्हा रसायनशास्त्र हे नाव सहज जुळले.

आता रसायन म्हटले की लोक विषच समजतात, हा मोठा गैरसमज. साजगावच्या यात्रेत सुकी मासळी घेता, ती टिकवणारे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. तेही रसायन आणि पाणीही. अपाय होतो तो पदार्थाच्या गुणधर्माने आणि प्रमाणाने.

राहिली केमिस्ट्री. तिचा रसायनाशी संबंध नाही. तो शब्द अरबी ‘अल्-कीमिया’वरून युरोपात गेला. तोच कीमिया फारसीतून मराठीत ‘किमया’ होऊन आला, म्हणजे केमिस्ट्रीची सख्खी बहीण आपल्याकडे आहे ती ही. अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला. त्याच्याही मागे काही अभ्यासक इजिप्तच्या ‘काळी भूमी’ या अर्थाच्या जुन्या नावाकडे बोट दाखवतात, तर काही धातू वितळवून ओतण्याच्या ग्रीक शब्दाकडे. हा वाद अजून मिटलेला नाही.