चप्पल मॅटच्या काठापर्यंत

सर म्हणतात अनवाणी ये, आई म्हणते चपलेशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको. ऐकू कोणाचं, असं तू विचारलंस. पोरी, दोघांचंही ऐक. मॅटवर सरांचं आणि मॅट सोडून बाकी सगळीकडे आईचं. कराटे, तायक्वांदो, ज्युडो हे अनवाणी खेळायचे खेळ खरेच, पण ते झेपतात त्याच पायांना, ज्यांना उरलेल्या वेळी चप्पल असते. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. मुली हॉलबाहेरच्या नळावर अनवाणी जातात, तशाच संडासला जाऊन येतात आणि तेच ओले पाय घेऊन रांगेत उभ्या राहतात. ती मॅट मग वीस-पंचवीस जणींची सामाईक होते, आणि जे एकीच्या पायाला असतं ते आठवडाभरात चौघींच्या पायाला दिसतं.

जपानात ज्युडोच्या सरावाला येणारे लोक मॅटच्या काठापर्यंत झोरी नावाची सपाट चप्पल घालून येतात. काठाशी ती ओळीने काढून ठेवायची, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे उतरताना पाय थेट चपलेत जातो, जमिनीला लागतच नाही. मला ही रीत फार आवडते. आपल्याला त्यासाठी झोरी नको, साधी रबरी स्लीपर पुरे. पण ती फक्त हॉलची. वेगळ्या पिशवीत ठेव, शेतात नेऊ नको, बहिणीला घालायला देऊ नको.

आता अनवाणीच का, ते ऐक. कुस्ती मातीतून मॅटवर आली आणि पैलवानांच्या पायात बूट आले. कबड्डीचंही तेच झालं. मैदान बदललं की पायालाही नव्याने शिकावं लागतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवखी होती आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. आपल्या खेळात मात्र बूट आलेच नाहीत, कारण लाथ समोरच्या मुलीच्या अंगावर, डोक्यावर जाते. स्पर्धेत कराटेला पायावर मऊ गार्ड चढतात, तायक्वांदोला गुण मोजणारे सेन्सरचे मोजे चढतात. बूट कुठेच नाही.

दुसरं कारण गुडघ्याचं. गोल फिरवून मारायची लाथ घे. एक पाय हवेत जातो तेव्हा उभा पाय टाच उचलून चवड्यावर गर्रकन फिरायला हवा. मॅटवर उघडा चवडा फिरतो. खोल नक्षीचा रबरी तळ असलेले स्पोर्ट्स शूज घालून तीच लाथ मारलीस तर तळ जमिनीला धरून बसतो, वरचं अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. शाळांमध्ये राणी लक्ष्मीबाई आत्मसंरक्षण प्रशिक्षणाचे वर्ग होतात ना, ते बऱ्याच ठिकाणी मुरमाच्या मैदानावरच चालतात. तिथे अनवाणी नाचायचं नाही, खडे टोचतात, काचा असतात, बाभळीचा काटा असतो. बूट घालून हातांचे वार शिक, पकड सोडवायला शिक, सरळ लाथ हळू मार. फिरत्या लाथा मॅटसाठी राखून ठेव. सरांना तसं सांगायला लाजू नको.

महिनाभर सराव झाला की चवड्याखाली, अंगठ्याच्या बुडाशी कातडी जाड आणि पिवळसर होते. घट्टा पडतो. मुली घाबरतात, ब्लेडने तासत बसतात. अजिबात नाही! तो घट्टा तुझ्या पायाने मेहनतीने कमावलाय, त्याच्यावरच तू फिरतेस. फक्त तो सपाट ठेवायचा. कडा उचलली गेली की मॅटला अडकते आणि फिरताना अख्खा पापुद्रा सोलून निघतो, खाली लालबुंद ओली कातडी. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, वज्रीने कडा घासून सारख्या कर. आपला भंडारा पितळेचं गाव, आजीची पितळी वज्री घरात कुठेतरी असेलच. सोललंच तर लोंबणारा तुकडा ओढू नको. साबणाच्या पाण्याने धू, स्वच्छ कात्रीने सुटं तेवढं काप, व्हॅसलीन लाव, पट्टी बांध. फोड आला तर तो फोडायचा नाही. वरची कातडी हीच त्याची पट्टी.

घट्टा आणि कुरूप यांत गल्लत करू नको. कुरुपाला मधोमध टणक खुंटी असते, दाबलं की खुपतं. आणि तळव्यावर काळे ठिपके असलेला खरखरीत गोळा दिसला, तो बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखला, तर ती चामखीळ. ती विषाणूने होते, ओल्या फरशीवरून पसरते. चिकटपट्टीने झाकल्याशिवाय मॅटवर जायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. कुरुपाच्या पट्ट्या आपल्या मनाने लावू नको, त्यांच्यात आम्ल असतं, बाजूची चांगली कातडीही ते जाळतं.

आता खरी गोष्ट, जी शहरातल्या मुलींना कोणी सांगत नाही कारण त्यांना गरजच नसते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी लागते. सुटीच्या दिवशी तूही आईबरोबर बांधीत उतरतेस, आणि उतरावंच, त्या दिवसांत माणसं मिळत नाहीत. पण सहा-सात तास चिखलात उभं राहिलेला पाय कसा होतो ते तू पाहिलंयस. पांढराफटक, सुरकुतलेला, भिजलेल्या पावासारखा. मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. सुरुवात बहुतेक करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटापासून, कारण ती दोन बोटं सगळ्यात चिकटून असतात, तिथे वारा लागत नाही. कातडी पांढरी पडते, खाज सुटते, चिरते, वास येतो. ही बुरशी. असा पाय घेऊन तू मॅटवर गेलीस आणि पुढची मुलगी त्याच जागी पाठीवर पडली, तर तिच्या पाठीवर गजकर्ण उठू शकतं.

म्हणून रोवणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर पाय साबणाने धू, आणि मग आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन एकेका बेचक्यातून ओढून पुसून काढ. सगळी काळजी या पुसण्यातच आहे. दहा बोटं, आठ बेचकी, घाई नको. मग अर्धा तास उघडे ठेव. आपल्या बायका चिखल्यांवर मेंदी लावतात, त्याने कातडी कोरडी राहायला मदत होते. लाव खुशाल, पण पाल्याची. ती झटपट काळी रंगणारी मेंदी नको, तिच्यातल्या रसायनाने चिरलेली कातडी पेटते. मेंदीने बुरशी मरेल या भरवशावर मात्र राहू नको. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम लागतं, आणि खाज थांबली तरी पाकिटावर सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

इथे जरा कान दे. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब’ असं नुसतं म्हणू नको. एका ट्यूबमध्ये तीन-तीन, चार-चार औषधं घातलेली मलमं पटकन पुढे केली जातात. नावं वाच. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं की ते स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज जाते, तू खूश होतेस, बुरशी मात्र आतून फोफावते आणि मग साध्या औषधाला दाद देईनाशी होते. देशभर चिवट गजकर्णाची साथ पसरण्यामागे ही मलमं हे एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगताहेत. टर्बिनाफिनलाही न जुमानणाऱ्या एका बुरशीला तर भारतावरूनच इंडोटिनी असं नाव पडलंय. असा मान आपल्याला नको बाप्पा. चिखल्या असेपर्यंत मॅटवर सुती मोजे घालून उभी राहा, फिरत्या लाथा बंद ठेव, किंवा आठवडाभर काठावर बसून नुसतं बघ. बघूनही शिकता येतं.

आपल्या जिल्ह्यात पायाकडे बघायला आणखी दोन कारणं आहेत. एक हत्तीरोग. तो डासामुळे होतो, चिखलामुळे नाही, पण ज्याच्या अंगात आहे त्याच्या बेचक्यातल्या चिरांमधून जंतू शिरतात, ताप येतो आणि दर खेपेला सूज थोडी वाढते. मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन आल्या की जेवून घे आणि त्यांच्यासमोर गीळ, उशीखाली ठेवू नको. दुसरं कुष्ठरोग. पूर्व विदर्भातून तो अजून गेलेला नाही. पायावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, किंवा सगळ्यांना लागतं ते तुला लागतच नाही असं वाटत असेल, तर ‘माझा पाय तयार झालाय’ म्हणून मिरवू नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव. औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि वेळेत घेतलं तर बरं होतं. मैत्रिणीच्या पायावर दिसलं तर तिला बाजूला घेऊन सांग, रांगेत नको.

अनवाणी मातीत फिरणाऱ्यांना हुकवर्मही होतो, तळव्याच्या कातडीतून तो आत शिरतो. मग रक्त कमी होतं आणि दोन राउंडमध्ये धाप लागते. सर म्हणतात स्टॅमिना नाही. १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नको. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. सोळावं लागलंय ना तुला? मग आईला विचार, घेतली का ते.

नखं सरळ रेषेत काप, कोपरे गोल खोलवर कापलेस की अंगठ्याचं नख मांसात रुततं. ज्युडोत तर लांब नखं नियमातच बसत नाहीत. रात्री नखं कापली तर आजी रागावेल, दिवसा काप. पैंजण काढून ये. नेलपॉलिश लावू नको म्हणते ते सुंदर दिसत नाही म्हणून नाही, तर मार लागून नखाखाली रक्त साकळलं तर रंगाखाली ते दिसतच नाही म्हणून.

मॅटच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत करंगळी अडकते, हे आज ना उद्या होणारच. दोन बोटांत कापूस ठेवून करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांध. बोट वाकडं दिसलं, निळं पडून टम्म सुजलं किंवा पाय टेकवेना, तर एक्स-रे. कोणाकडूनही ओढून बसवून घ्यायचं नाही, गावात हात बसवणारे कितीही नावाजलेले असोत.

हिवाळ्यात टाचांना भेगा पडतील. रात्री पाय धुऊन व्हॅसलीन किंवा मोहाच्या बियांचं तेल चोळ आणि मोजे घालून झोप. क्लासला जायच्या आधी मात्र काहीही लावू नको, मॅटवर घसरशील आणि दुसरीलाही पाडशील. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधली फरशी संध्याकाळपर्यंत तापलेली असते. आधी तळहात टेकवून बघ. हाताला सोसवत नसेल तर सरांना सकाळची वेळ मागा, सगळ्या मिळून मागा.

बुटांचं शेवटी विचारलंस, म्हणून शेवटी सांगते. पातळ तळाचे पांढरे तायक्वांदो शूज आत्ता घेऊ नको. ते दिसतात छान, पण त्यांत रस्त्यावर पळता येत नाही आणि मॅटवर त्यांची गरज नाही. आधी हॉलची स्लीपर घे. मग सुती मोज्यांचे तीन जोड, म्हणजे पावसाळ्यातही एक कोरडा मिळेल. पैसे उरले तर पळायचे बूट, तेही संध्याकाळी जाऊन, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. उभी राहून बघ, पुढे अंगठ्याएवढी जागा राहायला हवी. भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, चुलीजवळ नको, तळाचा डिंक सुटतो. आणि आईचा जीव त्या अनवाणी येण्या-जाण्यावरच अडकलाय, तेव्हा स्लीपर घ्यायला तिलाच सोबत ने.