फसफसणारे लिंबू सरबत

मुलांनो, एप्रिल-मे महिन्यांत पिंगळीत कडक ऊन पडते. घसा कोरडा पडतो. घामाबरोबर अंगातील पाणी व मीठ निघून जाते. अशा वेळी घरीच सोडा-सरबत करा.

मोठ्या पेल्यात उकळून गार केलेले पाणी अर्ध्यापर्यंत घ्या. त्यात एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर व चिमूटभर मीठ घालून ढवळा. मग चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पाहा, कसा फेस येतो! लिंबातील आम्ल व सोडा एकत्र आले, की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याचेच हे बुडबुडे! सरबत लगेच प्या. सोडा जास्त घालू नका, आंबटपणा जातो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हे सरबत बाटलीत भरून बूच लावू नका. वायूला वाट मिळाली नाही, तर बाटली फुटून डोळ्याला इजा होईल. गोटी सोड्याची बाटली म्हणूनच जाड काचेची असते. १८७२ साली इंग्लंडमधील हायरम कॉड यांनी तिचे पेटंट घेतले. तिच्यातील गोटी आतला वायूच वर दाबून धरतो.

शब्दार्थ : फेस – झाग, आम्ल – तेजाब, घाम – पसीना, इजा – चोट.

प्रश्न : सरबताच्या बाटलीला बूच का लावू नये?