कर्मचाऱ्यांचे संगणक प्रशिक्षण : खर्च की गुंतवणूक?

दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना संगणकाचे व्यावसायिक प्रशिक्षण द्यावे काय आणि त्यावरील खर्च वसूल होतो काय, हा प्रश्न डॉक्टरांच्या बोलण्यात वारंवार येतो. नवे यंत्र घेताना आपण फारशी घासाघीस करीत नाही. परंतु ते वापरणाऱ्या परिचारिकेच्या शिकवणीचे शुल्क मात्र जड वाटते. ‘शिकली की नोकरी सोडून जाईल’ ही शंकाही मनात असतेच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अनुभवाच्या आधारे विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी लसीकरणाची नोंदवही संगणकावर घेतली. सहायिकेला तीन महिन्यांच्या वर्गाला पाठविले, शुल्क भरले, प्रमाणपत्रही आले. पत्रे टंकलिखित करणे, रंगीत आलेख काढणे तिला उत्तम जमू लागले. परंतु आपण तारीख लिहिताना दिवस आधी लिहितो. त्या संगणकाची मांडणी महिना आधी, अशी होती. त्यामुळे ३ मे रोजी जन्मलेले बालक त्याच्या लेखी ५ मार्चचे झाले. नऊ महिन्यांनी द्यावयाच्या गोवर-रुबेला लसीची तारीख ३ फेब्रुवारीऐवजी ५ डिसेंबर निघाली. याहून गंभीर बाब अशी की, महिन्याच्या १२ तारखेनंतर जन्मलेल्या बालकांची तारीख संगणकाने तारीख म्हणून स्वीकारलीच नाही; ती बालके आठवण देण्याच्या यादीतून मुकाट्याने गळाली. एका मातेने जपून ठेवलेल्या कार्डामुळे हा घोळ उघडकीस आला. दोष सहायिकेचा नव्हता. वर्गात तिला संगणक शिकविला गेला. आमचे काम शिकविणे ही माझी जबाबदारी होती आणि ती मी पार पाडली नव्हती.

हा धोका केवळ लहान दवाखान्यांपुरता नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात २००२ साली औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. अन्य रुग्णालयांतून तेथे आणलेल्या १,९४२ बालकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. रुग्ण पोहोचण्यापूर्वी आदेश नोंदविता येत नव्हते, आणि रुग्णशय्येजवळचे मनुष्यबळ संगणकापाशी अडकत होते. पुढे सिॲटलच्या बालरुग्णालयात तशीच प्रणाली आली, तेव्हा मृत्युदर वाढला नाही. यंत्र बदलण्यापेक्षा कामाची घडी बसविणे महत्त्वाचे, हाच याचा बोध.

म्हणून प्रशिक्षण आपल्याच टेबलावर, आपल्याच नोंदींवर व्हावे. बुऱ्हाणपुरात हिंदी, उर्दू आणि मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना एकाच बालकाची दोन-तीन वर्णरूपे होतात, आणि संगणक त्यांना निरनिराळी बालके समजतो. त्यासाठी नावाबरोबर जन्मतारीख व भ्रमणध्वनी क्रमांक ताडून पाहण्याची सवय लावावी. वजनातील दशांशचिन्ह तर जिवाशी खेळणारे आहे. १० किलोच्या बालकास पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम होते, १०.० ऐवजी १०० लिहिले गेल्यास हिशेब १,५०० सांगेल. अशी नोंद दुसऱ्या व्यक्तीने वाचून पाहावी.

रोज अर्धा तास, असे अठरा दिवस धरले तरी एकूण वेळ नऊ तासांचा होतो. जाणकार शिक्षकाचे शुल्क द्यावे लागले तरी द्यावे. मात्र त्या वेळी डॉक्टरांनी स्वतः शेजारी बसावे. शिकविलेले एका कागदावर लिहून टेबलापाशी लावावे, म्हणजे कर्मचारी सोडून गेली तरी शिकवण दवाखान्यातच राहते. २०२१ साली आलेले को-विन आणि त्यानंतरचे यू-विन यांमुळे लसीकरणाच्या नोंदींना संगणकाचा मार्ग लागला आहे. हे काम आता टाळता येण्याजोगे नाही.

सारांश, केवळ प्रमाणपत्रासाठी केलेला खर्च बहुधा वाया जातो. कामाला जोडून दिलेले प्रशिक्षण वाया जात नाही. त्याचा हिशेब वाचलेल्या मिनिटांत करण्यापेक्षा यादीतून न गळालेल्या बालकांत करावा, अशी सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती आहे.