पोर पुस्तक टाळतंय?

पोर दुसरीत गेलं. काल-परवापर्यंत एस.टी.ची पाटी मोठ्यानं वाचीत होतं. आता पुस्तक म्हटलं की "आई, मला नको!" म्हणतं अन् पळून जातं.

रागावू नका. आधी कारण शोधा. पुस्तक नाकाशी धरतं का? मग डोळे तपासून घ्या. जोडाक्षर आलं की अडतं का? आपल्या नदीचं नाव 'कृष्णा', तेही जोडाक्षरच! तुम्हालाही ते पहिल्या दिवशी आलं नव्हतं. वर्गात पोरं हसली असतील. लाज बसली की गोडी जाते.

रात्री जेवणं झाली की त्याच्याजवळ बसा. एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. तुम्ही अडलात, तर त्यालाच विचारा, "हे अक्षर कोणतं रं?" आईसुद्धा अडते, हे त्याला दिसू दे. पाव तास पुरे. गोष्ट रंगात आली की थांबा. उद्या पोरच विचारील, "पुढं काय झालं?"

पुस्तक त्याला निवडू द्या. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, अन् तिथून जवळच भिलार. स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत. कुणीही यावं, बसून वाचावं. पैसे पडत नाहीत. मुलांची पुस्तकंही आहेत. सवड काढून पोराला घेऊन जा. तिथं त्याला "वाच" म्हणू नका. तुम्ही मात्र एक पुस्तक उघडून बसा.